पाइन हॉलोभोवतीची खाच

ओडेसा पेटीफर्डने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. लग्न झालेलं असूनही त्या भागाच्या रीतीप्रमाणे लहानथोर सगळे तिला आदराने मिस ओडेसा म्हणत. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं की बस थांबवायची, दार उघडायचं, कान देऊन ऐकायचं आणि मगच रूळ ओलांडायचे, असा नियम सगळ्याच ड्रायव्हरांना होता. बाकीचे नियम म्हणून थांबत. ओडेसा थांबे ती संशय म्हणून. त्या रुळांवरून एकोणीसशे ब्याण्णवनंतर एकही गाडी गेली नव्हती, तरी निवृत्त होईपर्यंत तिने त्या फाटकावर विश्वास टाकला नाही.

घरातही तीच तऱ्हा. अंड्यांचा खोका घेताना ती एकेक अंडं उचलून खालून बघे. डॉक्टरने दिलेली चिठ्ठी दोन औषधवाल्यांकडून वाचून घेई. तिचा नवरा लेम्युएल फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, जिभेचा मोकळा माणूस. तो चर्चच्या अंगणात लोकांना सांगायचा, "लग्नाआधी हिने माझ्या तीन मावश्यांना वेगवेगळं गाठून माझी चौकशी केली. तिघींचं बोलणं जुळलं म्हणून मी आज इथे उभा आहे."

ओडेसा यावर हसायची नाही. तिच्या संशयाला एक जुनं कारण होतं आणि ते लेम्युएललाही माहीत होतं. ती तेरा वर्षांची असताना, एकोणसत्तर सालच्या जूनमध्ये, शाळामंडळाचे दोन गृहस्थ त्यांच्या चर्चमध्ये आले होते. काळ्या मुलांच्या हायस्कुलाची इमारत दुरुस्तीला काढायची आहे, तोवर मुलं गावातल्या गोऱ्यांच्या शाळेत जातील, एका वर्षापुरतं, असं त्यांनी हात जोडल्यासारखं सांगितलं. ते एक वर्ष कधी संपलंच नाही. इमारतीत रस्तेखात्याचं कोठार झालं. शाळेच्या ढाली आणि चषक कचऱ्याच्या ट्रकमधून गेले. ओडेसाची थोरली बहीण ल्युसील शेवटच्या वर्षी बँडच्या पुढे काठी फिरवत चालणार होती. नव्या शाळेत तिला बँडमध्येच घेतलं नाही. ल्युसील पुढे बाल्टिमोरला गेली, नर्स झाली, आजी झाली. पण "एका वर्षापुरतं" हे शब्द कुणी सहज जरी उच्चारले तरी ओडेसाच्या मानेवरचे केस उभे राहत.

तर अशा बाईला, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, लोरिमर काउंटीच्या शाळामंडळाचं पत्र आलं. नॉर्थ कॅरोलायनातला हा तसा तंबाखूचा मुलूख, पण गेल्या दहा वर्षांत शेतांवर घरांच्या वसाहती उगवल्या होत्या आणि हॅरो क्रीकचं जुनं हायस्कूल मुलांनी उतू जात होतं. निम्मे वर्ग मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोल्यांत भरत. म्हणून सॉमिल रोडवर नवं हायस्कूल बांधून होत आलं होतं. आता कुठल्या गल्लीतली मुलं जुन्या शाळेत राहणार आणि कुठल्या गल्लीतली नव्या शाळेत जाणार, ती रेघ ठरवायला चौदा नागरिकांची समिती नेमली होती. त्यात ओडेसाचं नाव.

"मलाच का?" तिने पत्र उलटंपालटं करून पाहिलं.

"कारण तुला रस्ते पाठ आहेत," लेम्युएल म्हणाला.

"रस्ते नकाशालाही पाठ असतात. फोटोत एक काळा चेहरा हवा असेल त्यांना."

"मग जाऊ नकोस."

"जाणार तर! मी नसले तर तिथे काय शिजेल कोण जाणे."

समितीच्या बैठका एका प्राथमिक शाळेच्या वाचनालयात भरत. संध्याकाळी साडेसहाला चौदा मोठी माणसं सहा वर्षांच्या मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसत. नकाशे दाखवायचं काम नियोजन विभागाच्या नील ऑस्टरमन नावाच्या माणसाकडे होतं. सडसडीत, चष्मेवाला, आवाज कधीही न चढवणारा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "या नकाशात कुणाचं नाव नाही, कुणाचं घर नाही. फक्त आकडे आहेत."

ओडेसाने वहीत लिहिलं : आकडे कोण भरतं?

तिच्या शेजारची खुर्ची कोर्टनी व्हॅनहूकची होती. चाळिशीची, घरं विकण्याचा धंदा करणारी, हंटर्स रिज या नव्या वसाहतीत राहणारी. कोर्टनीला पहिल्या बैठकीतच सगळ्यांची नावं पाठ झाली आणि दुसऱ्या बैठकीला ती भोपळ्याचे मफिन घेऊन आली.

"मिस ओडेसा, एक घ्या ना. घरी केलेत."

"नको. माझी साखर वाढते," ओडेसा म्हणाली. तिची साखर कधीही वाढलेली नव्हती. पण जी बाई घर विकते तिला रेघ कुठून जाते याच्याशी कर्तव्य असतंच. नव्या शाळेच्या हद्दीतलं घर आणि हद्दीबाहेरचं घर, भिंती त्याच, अंगण तेच, तरी गिऱ्हाईक एकाकडे धावतं आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवतं, हे काउंटीत शेंबड्या पोरालाही कळत होतं.

पहिले दोन नकाशे आले आणि गेले. एकात बसचे फेरे फार होत होते, दुसऱ्यात नवी शाळा पहिल्याच वर्षी भरून जात होती. ऑक्टोबरात तिसरा नकाशा पडद्यावर आला. बहुतेकांनी मान डोलावली. रेघ नदीच्या कडेने सरळ उतरत होती, हमरस्त्याला धरून चालत होती, दिसायला गोजिरी होती. ओडेसाने मात्र चष्मा बदलला आणि उठून पडद्याजवळ गेली.

"हे काय आहे?" तिने बोट ठेवलं.

सॉमिल रोडपाशी आल्यावर रेघेला एक खाच पडली होती, करवतीच्या दातासारखी. त्या खाचेत पाइन हॉलो होतं. चाकांवरच्या घरांची वस्ती, तीन गल्ल्या, बहुतेक कोंबड्या कापून थंड करणाऱ्या कारखान्यात राबणारी मेक्सिकन माणसं. नव्या शाळेचं मैदान त्यांच्या शेवटच्या घरातून दिसत होतं. आणि रेघ त्यांना वळसा घालून, डोंगर ओलांडून जुन्या शाळेत पाठवत होती. उलट हंटर्स रिजचा मागचा अर्धा भाग, जो दुसऱ्या नकाशात बाहेर होता, तो आता आत आला होता.

"लोकांच्या सूचना आल्या होत्या. त्या विचारात घेऊन केलेला बदल आहे," ऑस्टरमन म्हणाला.

"कुठल्या लोकांच्या?"

"सूचना देणाऱ्यांची नावं आम्ही बैठकीत जाहीर करत नाही, मिस ओडेसा."

"असं का! आणि जुन्या शाळेपर्यंत बसला किती वेळ लागणार या मुलांना?"

त्याने तक्ता पाहिला. "एकोणीस मिनिटं."

ओडेसा जागेवर येऊन बसली. कोर्टनी स्वतःच्या फोनकडे बघत होती, नको इतकं निरखून. इथे पाणी मुरतंय, ओडेसाच्या मनाने घेतलं. आणि बैठक संपल्यावर तर खात्रीच पटली. ती गाडीत बसून आरसा नीट करत होती, तेवढ्यात मागे, दिव्याच्या खांबाखाली, कोर्टनीने पिशवीतून एक जाडजूड खाकी पाकीट काढून ऑस्टरमनच्या हातात दिलं. त्याने ते पटकन कोटाच्या आत सरकवलं.

घरी आल्याआल्या तिने लेम्युएलला सांगितलं.

"पाकिटात कागद असतील," तो म्हणाला.

"नोटासुद्धा कागदच असतात."

"ओडी, तो माणूस सरकारी गाडीत घरून डबा आणून खातो. मी पाहिलंय त्याला."

"डबा खाणारा पाकीट घेत नाही असं कुठे लिहिलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वीसला ओडेसाची जुनी ब्युइक पाइन हॉलोच्या तोंडाशी उभी होती. डॅशबोर्डवर लेम्युएलचं मनगटी घड्याळ टेकवलेलं. बस जशी चालते तशी तिने गाडी चालवली. पंचेचाळीसच्या वर नाही, प्रत्येक कोपऱ्यावर मुलं चढायला लागतील तेवढा वेळ थांबत, जुन्या फाटकाशी काच खाली करून कान देत. हॅरो क्रीकच्या दारात पोचली तेव्हा चौतीस मिनिटं झाली होती. मग परत येऊन तिने पाइन हॉलोपासून नव्या शाळेचा वेळ मोजला. चार मिनिटं, आणि त्यातलं एक मिनिट एका टर्कीपक्ष्याने रस्ता अडवण्यात गेलं. हे तिने तीन दिवस केलं. आकडे हलले नाहीत. एकोणीस मिनिटं हा आकडा ऑस्टरमनच्या संगणकाने लाकूडतोड्यांच्या खासगी वाटेवरून बस नेऊन काढला होता, हेही तिने शोधून काढलं. त्या वाटेवर साखळी होती आणि साखळीला कुलूप.

पुढच्या बैठकीला ती वही घेऊन उभी राहिली. त्या दिवशी काउंटीच्या साप्ताहिकाचा बातमीदारही आला होता. चौतीस मिनिटं, चार मिनिटं, कुलूप, असं तिने क्रमाने वाचून दाखवलं. लोक सरसावून बसले. ऑस्टरमनने चूक मान्य केली, तक्ता दुरुस्त करतो म्हणाला. तिथेच थांबली असती तर तिचा जयजयकार झाला असता. पण ओडेसा थांबली नाही.

"आणि एक विचारायचंय. गेल्या बैठकीनंतर बाहेर अंगणात कोर्टनी व्हॅनहूकने तुमच्या हातात एक पाकीट दिलं. त्यात काय होतं, ते सगळ्यांसमोर सांगता का?"

बातमीदाराने पेन उचललं. कोर्टनीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग गळ्यापासून कानांपर्यंत लाल. "तुम्हाला काय म्हणायचंय, मिस ओडेसा?"

"मी काहीच म्हटलं नाही. मी विचारलं."

"सगळ्या गावासमोर असं विचारतात?" कोर्टनीने मफिनचा डबा उचलला, झाकण लागेना, तशीच ती उघडा डबा घेऊन बाहेर पडली.

ऑस्टरमनने फाइलीतून तेच खाकी पाकीट काढलं आणि ओडेसासमोर ठेवलं. त्याचा आवाज तेव्हाही चढला नाही. "हा सार्वजनिक कागद आहे. प्रत नकाशा काढायच्या आधीच आली होती, त्या दिवशी फक्त मूळ सह्या मिळाल्या. कार्यालयात येऊन मागितला असता तर पहिल्याच दिवशी दाखवला असता."

पाकिटात एक पत्र होतं, खाली अडतीस सह्या. पाइन हॉलोतल्या आयाबापांच्या. आमच्या मुलांना हॅरो क्रीकच्या शाळेतच राहू द्यावं, अशी विनंती. पहिली सही : मारिसेला बाउतिस्ता.

ओडेसाने पत्र दोनदा वाचलं आणि त्याची एक प्रत मागून घेतली. घरी पोचेपर्यंत दुसरी शंका उगवली होती. दारातून दिसणारी शाळा सोडून कोण आपलं पोर डोंगरापलीकडे पाठवील? या सह्या खऱ्या कशावरून?

"झालं!" लेम्युएल म्हणाला. "आता अडतीस लोकांचं हस्ताक्षर तपासणार तू."

"अडतीस नाही. पहिलं एक."

रविवारी चर्चचे कपडे न बदलता ती पाइन हॉलोत गेली. मारिसेलाचं घर मधल्या गल्लीत होतं, पायऱ्यांवर कुंड्या मांडलेल्या. ओडेसाने दार वाजवलं. आत टीव्हीचा आवाज बंद झाला, पडदा दोन बोटं सरकला, पण दार उघडलं नाही.

"कोण?"

"मी ओडेसा पेटीफर्ड. शाळेच्या समितीवर आहे."

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. माझी मी आले."

"माझी मी कुणी येत नाही," आतून उत्तर आलं. "कार्ड दाखवा."

ओडेसाने पर्समधून ड्रायव्हिंग लायसन्स काढून काचेला लावलं. आतल्या बाईने ते वाचलं, मग फोटो पाहिला, मग ओडेसाचा चेहरा, मग पुन्हा फोटो. त्यानंतर म्हणाली, "समितीचं पण कार्ड असेल ना?"

अशी बाई ओडेसाला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होती. मनात राग यायला हवा होता, पण तिला तिच्याबद्दल एकदम आपलेपणाच वाटला. तिने समितीचं पत्रही शोधून काचेला लावलं. मग साखळी निघाली.

मारिसेला ठेंगणी, पस्तिशीची, कारखान्याच्या थंडीने बोटांचे सांधे सुजलेली. तिची थोरली मुलगी येसेनिया टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती. धाकटा सहा वर्षांचा पलंगावर झोपलेला.

"ही सही तुमची?" ओडेसाने विचारलं.

"माझी."

"कुणी जबरदस्ती केली?"

"मला?" मारिसेला हसली. "माझ्यावर जबरदस्ती करून बघा की."

मग तिने सांगितलं. येसेनिया हॅरो क्रीकमध्ये रुग्णसेवेचा वर्ग शिकत होती. पहिलं वर्ष चालू होतं, दुसरं पुढच्या साली, ते पुरं झालं की इस्पितळात काम मिळण्याचं प्रमाणपत्र. गल्लीतली काही मुलं तिथल्या मोटारदुरुस्तीच्या वर्गात होती. नव्या शाळेत यातलं काहीच तीन वर्षं तरी निघणार नव्हतं. म्हणून आयांनी मिळून पत्र द्यायचं ठरवलं. कोर्टनी त्यांच्या चर्चमध्ये शनिवारी इंग्रजी शिकवायला यायची. तिनेच ते नीट इंग्रजीत लिहून दिलं.

"आणि धाकटा? तो मोठा झाल्यावर कुठे जाणार?"

"तो? नव्या शाळेत. चालत जाईल. ती बघा ना, इथून दिसते."

ओडेसाने पत्राची प्रत काढली आणि सावकाश, एकेक शब्द वाचून दाखवला. पाइन हॉलोमधील विद्यार्थ्यांची हद्द हॅरो क्रीक हायस्कुलाकडे कायम ठेवावी.

येसेनियाने वर पाहिलं. "आई, यात आत्ताचे विद्यार्थी असं नाहीये. सगळेच आहेत. कायमचे."

मारिसेलाने कागद हातात घेतला. तिचे ओठ हलत होते. "आम्ही म्हटलं होतं, जी मुलं आता तिथे शिकतात त्यांना पुरं करू द्या. एवढंच. हे कुणी लिहिलं?" मग तिने ओडेसाकडे पाहिलं, आणि ती नजर ओडेसा चांगली ओळखत होती. "आणि तुम्ही हे मला का सांगताय? तुमचा यात काय फायदा?"

"काही नाही."

"सगळ्यांचा काहीतरी असतो."

ओडेसाने मग तिला ल्युसीलची गोष्ट सांगितली. चर्चमध्ये आलेले दोन गृहस्थ, एक वर्ष, कोठार. ती संपल्यावर मारिसेलाने उठून कॉफी ठेवली.

तिथून ओडेसा तडक हंटर्स रिजला गेली. कोर्टनी दारात आली ती हाताची घडी घालूनच.

"पाकिटाबद्दल मी चुकले," ओडेसा म्हणाली. "सगळ्यांसमोर बोलले, तर माफीही सगळ्यांसमोर मागेन. पुढच्या बैठकीत."

कोर्टनीने मागचं दार थोडं ओढून घेतलं.

"पण पत्रातले शब्द कसे बदलले? त्यांनी आत्ताची मुलं म्हटलं होतं. तुम्ही सगळी वस्तीच लिहून टाकली."

"मी सोपं करून लिहिलं. नियोजन विभागाच्या अर्जात तसेच रकाने होते. मिस्टर ऑस्टरमननीही तेच सांगितलं की वस्तीशिवाय वेगळी नोंद करता येत नाही."

"आणि त्यामुळे जेवढ्या जागा सुटल्या त्यात मागच्या भागातलं तुमचं घर बसलं."

कोर्टनीने रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या अंगणात कुणीतरी वाळलेली पानं गोळा करत होतं. "मला ते लिहिताना कळलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी त्या बायकांना मदत करायला गेले, हे खरंच आहे. आणि मला ते कळलं होतं, हेही खरं आहे. तुम्हाला यातलं कुठलं हवंय ते घ्या, मिस ओडेसा."

ओडेसा गाडीत येऊन बसली. लबाडी कबूल करणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे तिला उमगत नव्हतं. त्यापेक्षा लपवणारी माणसं बरी, त्यांच्यामागे लागता तरी येतं. ऑस्टरमनलाही तिने फोन करून विचारलं. तो म्हणाला, असं काही बोलल्याचं आपल्याला आठवत नाही, पण बोललोही असेन. शब्द नेमके कुणाच्या हातून घसरले हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही.

नोव्हेंबरातल्या बैठकीत तिने उभं राहून माफी मागितली. तोंडातल्या तोंडात नव्हे, स्वच्छ आवाजात. "मी मिसेस व्हॅनहूकवर नको तो आळ घेतला. ते माझं चुकलं." बातमीदाराने तेही छापलं, पण आतल्या पानावर. आरोप पहिल्या पानावर आला होता. कोर्टनीने मान हलवली, शेजारी मात्र बसली नाही.

शाळामंडळाची जाहीर सुनावणी डिसेंबरात होती. ज्याला बोलायचं त्याने नाव नोंदवायचं, तीन मिनिटं मिळणार. हंटर्स रिजच्या लोकांनी सारखे हिरवे सदरे शिवून घेतले होते आणि पहिल्या चार रांगा धरल्या होत्या. पाइन हॉलोच्या बाया कारखान्याची पाळी संपवून आल्या, मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ओडेसाने त्यांना दोन गाड्यांनी आणलं होतं. दुसरी लेम्युएल चालवत होता.

"घाबरलात?" तिने मारिसेलाला विचारलं.

"नाही. हे लोक माझं बोलणं नीट लिहून घेतील की पुन्हा सोपं करतील?"

"मी तुमच्या मागे उभी आहे. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ओरडेन."

मारिसेला माइकपाशी गेली. तिचं इंग्रजी तुटक होतं, पण तिने तेच वाक्य तीनदा सांगितलं, मध्ये थांबून, अध्यक्षांच्या डोळ्याला डोळा भिडवून. "आत्ता शिकतात ती मुलं, तिथे पुरं करतील. लहान आहेत ती, इकडे येतील. पत्रात चूक आहे. माझं म्हणणं हे आहे." मग चिटणीसबाईकडे वळून म्हणाली, "लिहिलं? वाचून दाखवा."

सभागृहात हसू उसळलं. चिटणीसबाईने वाचून दाखवलं. मारिसेला म्हणाली, "आता बरोबर."

तिसरा नकाशा चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला, पण खाच काढून. पाइन हॉलो नव्या शाळेकडे आलं, आणि हायस्कुलात आधीच शिकणाऱ्यांना जुन्या शाळेत पुरं करण्याची मुभा मिळाली. जागा तेवढ्याच असल्यामुळे हंटर्स रिजचा मागचा भाग बाहेर गेला. हिरव्या सदऱ्यांतल्या एका गृहस्थाने बाहेर पडताना ओडेसाच्या अंगावर येऊन विचारलं, "समाधान झालं?" तिने त्याला सरळ उत्तर दिलं, "नाही." आणि ते खरंच होतं. कारण ठरावाच्या शेवटच्या ओळीत तिला एक वाक्य दिसलं होतं : बसची सोय ड्रायव्हर उपलब्ध असल्यासच.

काउंटीत तेव्हा अकरा ड्रायव्हर कमी होते. म्हणजे मुभा कागदावर आणि मुलं रस्त्यावर. ओडेसाने वाहतूक खात्यात जाऊन विचारलं, हे वाक्य कुणी घातलं? खात्याच्या साहेबाने खांदे उडवले. "नेहमीचंच असतं ते, मिस ओडेसा. कुणाचा डाव नाही. खरंच माणसं नाहीत. तुम्हाला यायचंय का परत?" तो थट्टेने म्हणाला होता.

तिने तिथेच ड्रायव्हरांना लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीचा कागद मागितला.

लेम्युएल चार दिवस रुसला. वसंतात दोघांनी समुद्राकाठी जायचं ठरवलं होतं. पाचव्या दिवशी त्याने विचारलं, "पहाटे डबा कोण करणार?"

"तू."

"त्यात काय घातलंय ते तपासशील?"

"अर्थात."

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी दोन्ही शाळा उघडल्या. हंटर्स रिजमधल्या कोर्टनीच्या घरावर पाटी लागली होती, विकणे आहे. रेघेमुळे की नवऱ्याच्या बदलीमुळे, लोक दोन्ही सांगत. ओडेसाने दुकानात तिला एकदा पाहिलं तेव्हा दोघी मोजकंच हसल्या. विचारावं असं ओडेसाच्या मनात आलं होतं, पण तिने तोंड आवरलं, आणि हे तिच्या बाबतीत थोडं नव्हतं.

जुन्या शाळेसाठी पाइन हॉलोतल्या एकोणीस मुलांनी नाव दिलं होतं. पहिल्या दिवशी बसमध्ये अकराच चढली. येसेनिया सगळ्यांत पुढे बसली, पांढऱ्या बुटांची पेटी मांडीवर घेऊन. रुग्णसेवेच्या वर्गाला तेच लागतात.

"बाकीची आठ कुठे?" ओडेसाने आरशातून विचारलं.

"त्यांनी विचार बदलला. नव्या शाळेत जातायत."

"बदलला? की कुणी बदलायला लावला?"

"नाही हो, मिस ओडेसा."

दुपारी बस लावून ती पुन्हा पाइन हॉलोत गेली आणि त्या आठ घरांची दारं एकेक करून वाजवली. बस येणार नाही अशी चिठ्ठी कुणी पाठवली का? फोन आला का? शाळेतून कुणी काही बोललं? पहिल्या घरी नाही म्हणाले. दुसऱ्या, तिसऱ्या घरीही नाही. चौथ्या घरातला लांब ढांगांचा मुलगा पायरीवर बसून कणीस खात होता. तो म्हणाला, "नव्या शाळेचं बास्केटबॉलचं मैदान बघितलंत का तुम्ही? आणि मला सातपर्यंत झोपता येतं."

"एवढंच कारण?"

"अजून काय पाहिजे?"

मारिसेला तिच्या पायऱ्यांवर उभी राहून हे सगळं बघत होती. "काय सापडलं?" तिने हाक मारून विचारलं.

"काही नाही," ओडेसा म्हणाली. "चार घरं राहिलीत अजून."

"थांबा," मारिसेला म्हणाली आणि चपला घालून खाली उतरली. "त्या कोपऱ्यातली बाई माझ्याशिवाय कुणाला दार उघडत नाही."